पिठोरीचं ताट

विहिरीवरच्या मोटारीची लाईट यायला अजून लई वेळ आहे, अन् तुम्ही दोघं मोबाईलात तोंडं घालून बसलात. ठेवा ते खाली. बंडू, बाज अलीकडं ओढ, दव पडायला लागलं. अन् शिवकन्ये, तू मघाशी तुझ्या नोकरीवरच्या त्या बालगृहाचं काय सांगत होतीस? नव्या पोराला बाकीच्यांनी गोधडीत घालून हाणलं, व्हय ना? अन् तुमच्या मॅडम म्हणतात, पोरंच तसली आहेत.

पोरंच तसली. म्हणायला काय जातंय.

मी तुला एक सांगतो. आपला रामकिसन होता ना, मागल्या उन्हाळ्यात गेला तो, त्याच्यासोबत घडलेलं. त्यानं मला हे किती तरी वेळा सांगितलं, अन् दर वेळी तसंच सांगितलं, एक शब्द इकडचा तिकडं नाय. मी यष्टीवर डायवर होतो, जन्मभर औरंगाबाद-पैठण केलं. थापा मारणारा माणूस मला आरशातून कळतो. हसू नको बंडू. शेवटचं जे आहे ते तर मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय, पण ते शेवटी.

इथून पुढं, चितेगावच्या अलीकडं, रोडला लागून पोरांचं बोर्डिंग होतं. आता नाय, आता तिथं गोडाऊन आहे. निजामाच्या काळातली नाक्याची इमारत होती ती. दगडी. पोलीस ॲक्शन झाली तव्हा रझाकारांच्या धामधुमीत पोरकी झालेली लेकरं कुणी भल्या माणसांनी तिथं आणून ठेवली. ती मोठी झाली अन् गेली. मंग दुसरी आली. मधी अंगण, एका अंगाला पोरांचा हॉल, समोर सैपाकघर, अन् कोपऱ्यात धान्याची कोठी. कोठीला खिडकी नाय, नुसतं लोखंडी दार. एवढं ध्यानात ठेवा.

रामकिसन तिथं काळजीवाहक म्हणून लागला. पोरांना उठवायचं, आंघोळीला हाकायचं, शाळेत पोचवायचं. तिथला साहेब लई कडक. त्याचं नाव नको, मेलेल्या माणसाचं काय काढायचं. त्याचा एक नियम होता, एकानं चूक केली की सगळा हॉल उपाशी. मंग काय होणार? रात्री सगळे मिळून त्या एकाला हाणायचे. साहेब मोठ्यांना मारायचा, मोठे मधल्यांना, मधले बारक्यांना, अन् बारके अंगणातल्या कुत्र्याला. मोठ्यांत फकिरा नावाचा एक होता, मिसरूड फुटलेला, त्याच्या नुसत्या खोकल्यानं हॉल गप व्हायचा. रामकिसन म्हणायचा, आप्पा, त्या घरात मायेनं बोललेला शब्द फक्त सैपाकघरातून यायचा.

सैपाकघरात मनकर्णाबाई होती. पैठणकडची. नवरा वारलेला, पोटची दोन लेकरं पाळण्यातच गेलेली. ती पोरांच्या डोक्यातल्या उवा काढायची, चटके बसलेल्या बोटाला फुंकर घालायची. अन् तिच्या एका फुंकरीसाठी पोरं एकमेकांचा जीव घेतील आसं ते घर होतं. कुणाच्या भाकरीवर तिनं तेल जरा जास्त सोडलं की ते सगळ्यांच्या डोळ्यात.

तर शहाऐंशी सालचा पोळा. श्रावणातली अमावस्या. त्या दिवशी मनकर्णाबाईनं रामकिसनला औरंगाबादला गुलमंडीच्या बाजारात धाडलं, पिठोरीचा कागद आणायला.

तुम्हाला पिठोरी ठाऊक नसंल. तुमच्या आईनं केली असती तर माहीत झाली असती, पण तिला मालिका बघायच्या असतात. पोळ्याच्या संध्याकाळी लेकुरवाळ्या बाया चौसष्ट योगिनींची पूजा करतात, त्यांच्या चित्राचा कागद भिंतीला लावून. पिठाचे दिवे करायचे, खीर-पुरी करायची. अन् मंग बाई भिंतीकडं तोंड करून बसते, खीर-पुरीचं ताट दोन्ही हातांनी डोक्यावरून पाठीमागं धरते, अन् मागं न बघता विचारते, अतीत कोण? म्हणजे, दारी कोण आलंय. मागं तिचं लेकरू उभं असतं. ते आपलं नाव सांगतं अन् ताट घेतं. लेकराला आयुष्य मिळावं म्हणून करायचं हे. फक्त मागं वळून बघायचं नाय.

मनकर्णाबाई पूर्वी हे बोर्डिंगात सगळ्या पोरांसाठी करायची. पोरं रांगेत मागं उभी राहायची, एकेक नाव सांगायचं, खिरीत बुडवलेली पुरी घ्यायची. वर्षातली तेवढी एक रात्र कुणी कुणाला मारायचं नाय. पण मधी तिनं ते बंद केलं होतं. रामकिसन नवीन, त्याला काहून बंद केलं ते ठाऊक नव्हतं. अन् त्या वर्षी ती परत करणार होती. सगळ्यांसाठी नाय. एकट्या मुंजाबासाठी.

मुंजाबा म्हणजे मेंढरं वळणाऱ्यांचं लेकरू. आई आधीच गेलेली, बाप माळावर वीज पडून गेला. सहा-सात वर्षांचं पोर, बोलायचं कमी. ते आलं अन् बाईचा जीव त्याच्यात अडकला. तिनं साहेबाला विचारून ठेवलं होतं, या पोराला मी माझ्या घरी नेते, माझा लेक म्हणून. पोळा झाला की नेणार होती.

हे हॉलात कळलं. अन् मंग जे व्हायचं ते झालं. मुंजाबाच्या अंथरुणात कुणीतरी मुतलं. त्याची ताटली विहिरीत गेली. पोळ्याच्या आदल्या दिवशी फकिरानं त्याचं डोकं हौदात दाबून धरलं होतं, अन् बाकीची पोरं भोवती गप उभी. एक बी ओरडलं नाय. रामकिसननं धावत जाऊन काढलं. फकिराच्या कानाखाली दिली तर तो रडला नाय, उलट म्हणला, "मामा, आमच्यात काय कमी हाय सांगा ना. मी इथं लंगोटात होतो तव्हापासून हाय. मला काहून नाय नेलं?"

त्यानं बाईला समजावलं. "बाई, एकट्याचं करू नका. पूर्वी करायच्या तसं सगळ्यांचं करा. पोरं जळायला लागली."

बाई पीठ मळत होती. म्हणली, "सगळ्यांची माय होऊन पाह्यलं रामकिसन. कोण्हाचीच झाले नाय. आता एकाची होऊ द्या."

मंग तो गेला सायकलीवर गुलमंडीला. कागद घेतला, वेलदोडे घेतले, अन् दिवस कलताना परत निघाला. रोडनं गावोगावची बैलं सजून मिरवत होती, गुलाल उडत होता. पुढं पुढं अंधार पडला तशी गर्दी सरली. तव्हा हा रोड आजच्यासारखा नव्हता, दोन्ही अंगांनी वडाची झाडं, एकदा सांज झाली की काळोख. बोर्डिंगच्या अलीकडं ओढ्यावर एक मोरी होती. मोरीच्या कठड्यावर एक पोरगं बसलेलं. बोर्डिंगाची खाकी चड्डी, पाय सोडून. तोंड दिसत नव्हतं.

रामकिसनला वाटलं, आपलंच कोण्तं तरी बैलं बघायला पळून आलंय. ते म्हणलं, "मामा, काय आणलं?" आवाज बसलेला होता. दिवसभर बैलांमागं ओरडून बसला असंल.

"पिठोरीचा कागद."

"माझ्यासाठी?"

आता लेकराला आपण काय म्हणतो? तुम्ही बी तेच म्हणता. तो म्हणला, "व्हय, तुझ्यासाठीच. बस मागं, चल घरी."

पोरगं मागं कॅरिअरवर बसलं. रामकिसन म्हणायचा, आप्पा, एवढंसं पोर, पण सायकल हलंना. चढ नाय, वारा नाय, अन् मी उभं राहून पायडल मारतोय. त्यानं दोन-चारदा विचारलं, तुझं नाव काय रे. मागून उत्तर नाय. बोर्डिंगच्या फाटकाशी आला अन् सायकल एकदम हलकी झाली. मागं बघितलं तर कोणी नाय. उडी मारून आत पळालं असंल, म्हणून त्यानं फाटक लावलं.

बंडू, मागं काय बघतोस? कुत्रं आहे ते.

साहेब पोळ्याला गावी गेला होता. फकिरानं अन् पोरांनी जेवायला नाय म्हणलं होतं. बाईच्या हातचं नको म्हणे. सगळी हॉलात भिंतीकडं तोंडं करून पडलेली. मुंजाबाला काय होऊ नये म्हणून रामकिसननं हॉलाला बाहेरून कडी लावली. मंग बाईनं भिंतीला कागद चिकटवला, त्याच्यापुढं पिठाचे दिवे लावले. मुंजाबाला नवा सदरा घातला होता, त्याच्या बाह्या बोटांच्या खाली येत होत्या. बाईनं त्याला शिकवलं, "मी तीनदा विचारीन. तू म्हणायचं, मी मुंजाबा. अन् ताट घ्यायचं."

रामकिसन सैपाकघराच्या दारात कंदील घेऊन उभा. त्याच्या पाठीमागं अंगण, अन् अंगणापलीकडं ती कोठी. कोठीला कुलूप होतं. धान्य कवाच दुसरीकडं हलवलेलं.

बाई बसली. ताट उचललं, डोक्यावरून मागं धरलं. जर्मनची, म्हणजे अल्युमिनची ताटली होती, कडेला चेपलेली. खीर अन् पुऱ्या. वाफ निघत होती.

"अतीत कोण?"

मुंजाबानं तोंड उघडलं. आवाज निघाला नाय.

बाई हसली. "लाजला का रे? बोल की."

पोरगं परत तोंड उघडतंय. मिटतंय. उघडतंय. नुसतं. रामकिसनला वाटलं, घाबरलं असंल. तो पुढं व्हायला गेला, तर त्याचं पाऊल उचलंना.

"अतीत कोण?"

...

दिवे स्थिर होते. वारा नव्हता. पोरांचा हॉल गप. रोडला एक ट्रक बी नाय.

अन् रामकिसनच्या पाठीमागून... अगदी खांद्याजवळून...

"मी."

बसलेला आवाज.

रामकिसननं वळून बघितलं नाय. नाय जमलं त्याला. त्याला फक्त बाईची मान दिसत होती. ती ताठ झाली. ताट कललं, खीर कडेनं सांडली. पण तिनं ताट सोडलं नाय. अन् वळली बी नाय.

ती भिंतीकडं बघतच बोलली. हळू.

"कोण मी?"

"मी सांडू."

तव्हाच मुंजाबा खाली पडला. डोळे पांढरे. पायाचा घोटा सुजायला लागला, काळानिळा, बघता बघता. चावल्याची खूण कुठं नाय. नुसता पाय फुगत चाललेला, अन् तोंडातून फेस.

थांबा. सांडू कोण ते सांगितल्याबिगर तुम्हाला कळायचं नाय. हे बाईनं रामकिसनला दुसऱ्या दिवशी सांगितलं.

रामकिसन यायच्या आधी बोर्डिंगात सांडू नावाचं पोर होतं. आधीची लेकरं जगत नसली की पुढच्याला उकिरड्यावर टाकून उचलतात अन् सांडू नाव ठेवतात, तसलं. पोर जगलं, आईबापच गेले. सगळी पोरं मनकर्णाबाईला बाई म्हणायची, हा एकटा माय म्हणायचा. अन् लई जळकुकडा. जेवताना ताटाला हाताचं कुंपण घालून बसायचा, कुणाला एक घास द्यायचा नाय. बाईनं दुसऱ्याच्या डोक्यातली ऊ काढली की त्या पोराचं रात्री डोकं फुटलेलं. पिठोरीच्या रांगेत पुरी घेऊन परत शेवटी उभा राहायचा, अन् बाईनं दर वेळी अतीत कोण विचारलं की पुढच्याला ढकलून हाच ओरडायचा, मी सांडू. बाई त्याला रागवायची. पण खरं सांगू का, तिला ते आवडायचं. कोणीतरी आपल्यासाठी एवढं जळतंय, हे तिला बरं वाटायचं. तिनंच कबूल केलं ते.

एका पिठोरीला त्यानं रांगेतल्या एका बारक्याच्या डोक्यात पळी घातली. टाके पडले. साहेबानं सांडूला उचललं अन् कोठीत टाकलं. सकाळपर्यंत कोणी दार उघडायचं नाय, हा हुकूम. इकडं पूजा चालली, अन् तिकडं कोठीतून ओरडणं, मी सांडू, मी सांडू. पोरं हसत होती. मंग ओरडणं बदललं. माय, चावलं. माय, चावलं गं. पोरं म्हणली, नाटकं करतंय. बाईनं बी ऐकलं. तिला वाटलं, जळू द्या जरा, अक्कल येईल. सकाळी गरम पुरी घेऊन जाईन अन् जवळ घेईन.

सकाळी दार उघडलं. धान्याच्या कोठीत उंदरं असतात, अन् उंदरांमागं काय येतं ते तुम्हाला शेतात राहून ठाऊक आहे. घोटा काळा पडला होता. आवाज ओरडून बसला होता म्हणून शेवटी शेवटी ऐकू आला नसंल.

हं. आता ऐका पुढं.

बाईला पाठीमागं मुंजाबा पडल्याचा आवाज आला. त्याचं घुसमटणं ऐकू येत होतं. तरी ती वळली नाय. आता सांगा, वळली असती तर काय झालं असतं? मला ठाऊक नाय. रामकिसनला बी नाय. पण तिला कळलं होतं, आता जे करायचं ते भिंतीकडं बघूनच करायचं.

"सांडू, लेकरा, खीर घे. तुझ्यासाठीच केलीय."

"व्हय. मामा बी म्हणले, माझ्यासाठीच हाय."

रामकिसनला मोरीवर दिलेला शब्द आठवला.

"मंग घे ना."

...

"घे ना रे राजा."

...

"मंग ह्यो कोण?"

बाईनं ताट अजून वर धरलं.

"माय. ह्यो कोण?"

रामकिसन म्हणायचा, आप्पा, मी त्या बाईची पाठ बघत होतो. त्या पाठीला उत्तर ठाऊक होतं. माझा लेक. दोन शब्द. त्या दोन शब्दांसाठी तिनं कागद आणवला, सदरा शिवला. अन् खाली पोराचा श्वास तुटत चाललेला. एक श्वास... मंग लई वेळ काहीच नाय... मंग एक.

"कोण्ही नाय," बाई म्हणली.

...

"कोण्ही नाय रे. रामकिसनमामाचं पोरगं हाय. पाव्हणं आलंय. उद्या जाईल."

"अन् तुझा?"

"माझा तू. एकटा तू."

...

ताट तिच्या हातातून उचललं गेलं. रामकिसननं ते उचललं जाताना पाहिलं. धरणारं कोणी दिसलं नाय. मंग दिवे सगळे एकदम गेले, अन् कंदील बी.

कंदील परत लावला तव्हा मुंजाबा उठून बसलेला. पायाची सूज उतरलेली. पाणी मागत होता. बाई अजून भिंतीकडंच बघत होती, रिकामे हात डोक्यावर तसेच. ताटली सैपाकघरात नव्हती, अंगणात नव्हती. सकाळी कोठीचं कुलूप काढून पाह्यलं, तिथं बी नव्हती.

हॉलातल्या पोरांनी सगळं ऐकलं होतं. त्या दिवसापासून मुंजाबाला कोणी बोट लावलं नाय. फकिरानं स्वतःची ताटली त्याला आणून दिली अन् लांब जाऊन बसला.

दुसऱ्या दिवशी मुंजाबाला घेऊन बाई रामकिसनच्या घरी गेली. रामकिसनची बायको साळूबाई, त्यांना लेकरू नव्हतं. बाईनं पोराचा हात तिच्या हातात दिला. म्हणली, "तुमचाच हाय. मी तसा शब्द देऊन बसले." अन् उंबऱ्याच्या आत आली नाय. बोर्डिंगात परत गेली. सांडूसाठी. त्यानंतर तिनं कुठल्याच पोराच्या डोक्यावरून हात फिरवला नाय, भाकरी टाकायची अन् तोंड फिरवायची. बोर्डिंगातली हाणामारी पहिल्यापेक्षा वाढली.

पोरगं साळूबाईला आई म्हणायला लागलं. साळूबाई दर वर्षी पिठोरी करायची, अन् दर वर्षी त्या संध्याकाळी मनकर्णाबाई यांच्या घरासमोर रोडला वडाखाली येऊन उभी राहायची. आतून आवाज यायचा, अतीत कोण? मी मुंजाबा. ते ऐकायची अन् जायची. मी स्वतः तिला गाडीच्या लाईटात तिथं उभी पाहिलीय. तोंडाकडं बघवत नव्हतं. जळत होती बाई. दुसरीच्या पदरात आपण होऊन टाकलेलं लेकरू, अन् त्याच्या तोंडून आई ऐकायचं. साळूबाईला बी ते कळायचं. ती दार लोटून घ्यायची. दोघी एकमेकींशी कधी बोलल्या नाहीत, साळूबाई मरेपर्यंत.

पुढं बोर्डिंग बंद पडलं. बाई तिथंच भिंतीला लागून पत्र्याच्या खोलीत राहिली. मुंजाबा मोठा झाला, चितेगावच्या कंपनीत लागला, लग्न झालं. तो लई विनवायचा, बाई, घरी चला. ती म्हणायची, "नको रे. त्याला वाटंल..." अन् पुढचं बोलायची नाय.

आता चार-पाच वर्षं झाली त्याला. थंडीचे दिवस होते. बाई खोलीत पडलेली सापडली. मुंजाबानं काही ऐकलं नाय, जीपमध्ये घालून सरळ आपल्या घरी आणली. रात्री तिनं डोळे उघडले. डोकं मुंजाबाच्या मांडीवर. शेजारी रामकिसन. तिनं मुंजाबाच्या तोंडावरून हात फिरवला. मंग त्याच्या खांद्यावरून मागं बघितलं, कोणीतरी उभं असावं तसं. अन् मोठ्यानं म्हणली, "माझा लेक हाय ह्यो. ह्यो बी माझाच."

तेवढंच. गेली.

एवढी वर्षं पाळलेला शब्द तिनं मोडला होता, अन् आता मधी पडायला ती नव्हती. रामकिसननं मुंजाबाला सांगितलं, तू लांब हो, अग्नी दुसऱ्या कोणाला देऊ दे. मुंजाबा म्हणला, "तात्या, तिनं म्हणलंय. आता मी नाय कसं म्हणू?" डोकं भादरलं, अग्नी दिला, सुतक धरलं. रामकिसन रोज रात्री त्याच्या पायथ्याशी बसून राहायचा. कंदिलाच्या उजेडात त्याचे घोटे बघत.

आता सुतकाच्या घरात काय नसतं, शिवकन्ये? बरोबर. तळण नसतं. कढई चुलीवर चढत नाय, फोडणी बी नाय. त्या घरात तेलाचा वास नव्हता.

तेराव्याच्या आदल्या रात्री रामकिसनचा डोळा लागला. म्हातारा माणूस, किती जागणार. अजून फटफटलं नव्हतं, तर मुंजाबा माझ्या दारात. मी शेजारीच राहायचो तव्हा. म्हणला, आप्पा, चला.

मी गेलो. दाराला आतून कडी होती, ती त्यानंच मला बोलवायला काढलेली. मुंजाबाच्या उशाशी एक ताटली. जर्मनची. कडेला चेपलेली. रामकिसन तिच्याकडं बघत भिंतीला टेकून बसला होता, तोंडावर हात.

ताटलीत अर्धी पुरी होती. नीट मोडलेली. एका टोकाला बारक्या दातांचा एक चावा, अन् बाकीची राखून ठेवलेली.

मुंजाबा माझ्याकडं बघत होता. एवढा बाप्या गडी, दोन लेकरांचा बाप. म्हणला, "आप्पा... खाऊ का?"

मी खाली वाकलो अन् पुरीला बोट लावलं.

गरम होती.